चीनचे विज्ञान आणि निडहॅमचा प्रश्न

छपाई, बंदुकीची दारू आणि होकायंत्र या तीन शोधांनी विद्या, युद्ध आणि समुद्रप्रवास यांचे रूप पालटले, अशी नोंद इंग्लंडच्या फ्रान्सिस बेकनने १६२० साली केली. या शोधांचा उगम कुठे झाला, हे मात्र त्याला सांगता आले नाही. आज आपल्याला ते ठाऊक आहे. बेकनच्या कितीतरी शतके आधी या तिन्ही गोष्टी चीनमध्ये वापरात होत्या. लाकडी ठशांनी छापलेली, ८६८ सालची 'वज्रच्छेदिका' सूत्राची गुंडाळी तुनह्वांगच्या लेण्यांत सापडली. बंदुकीच्या दारूच्या कृती १०४४ च्या एका सरकारी लष्करी ग्रंथात दिलेल्या आहेत. चुंबकसुई नेमकी दक्षिण न दाखवता किंचित पूर्वेकडे कलते, हे शन क्वो या विद्वान अधिकाऱ्याने १०८८ च्या सुमारास लिहून ठेवले.

मग पुढचा प्रश्न टाळता येत नाही. एवढी आघाडी असलेल्या समाजात गॅलिलिओ, केप्लर, न्यूटन यांच्यासारखे विज्ञान का जन्मले नाही? आणि जो युरोप शतकानुशतके या बाबतींत मागासलेला होता, तिथेच ते का जन्मले? गेली शंभर वर्षे इतिहासकार, अर्थतज्ज्ञ आणि वैज्ञानिक या प्रश्नाशी झुंजत आहेत. त्यांच्या उत्तरांचा आढावा घेताना एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. चीनमध्ये बुद्धीची, निरीक्षणाची, हातच्या कसबाची वाण कधीच नव्हती. मात्र हे ज्ञान बाळगणाऱ्या वेगवेगळ्या माणसांना एकत्र आणणारी आणि त्यांच्या वादविवादाला सत्तेच्या मर्जीपासून जपणारी व्यवस्था तिथे उभी राहिली नाही. युरोपात ती उशिरा, अडखळत आणि बऱ्याच अंशी योगायोगाने उभी राहिली.

प्रश्न कुणी विचारला

हा प्रश्न आज जोसेफ निडहॅम (१९००–१९९५) यांच्या नावाने ओळखला जातो. निडहॅम मूळचे केंब्रिजचे जीवरसायनशास्त्रज्ञ. १९३७ साली चीनमधून तीन तरुण संशोधक केंब्रिजला आले. त्यांतल्या लू ग्वे-जेन यांनी निडहॅम यांना चिनी भाषेची गोडी लावली आणि चीनमध्ये विज्ञान नव्हतेच, हा त्यांचा समज मोडून काढला. १९४२ ते १९४६ या काळात, जपानशी युद्ध पेटलेले असताना, निडहॅम चुंगकिंगला ब्रिटिश-चिनी वैज्ञानिक सहकार्याच्या कामावर होते. तिथून त्यांनी जुन्या ग्रंथांचा मोठा संग्रह केला. १९५४ साली 'सायन्स अँड सिव्हिलायझेशन इन चायना' या महाग्रंथाचा पहिला खंड आला. सात खंडांत आखलेले हे काम पंचवीसहून अधिक भागांपर्यंत वाढले.

मात्र प्रश्न चिनी विचारवंतांनी त्यांच्याही आधी मांडला होता. रन होंगच्युन यांनी १९१५ साली आणि तत्त्वज्ञ फंग यू-लान यांनी १९२२ साली चीनमध्ये विज्ञान का नाही, यावर लेख लिहिले. चिनी तत्त्वज्ञानाने निसर्ग जिंकण्यापेक्षा स्वतःचे मन जिंकणे मोलाचे मानले, म्हणून विज्ञानाची गरजच भासली नाही, असे फंग यांचे म्हणणे. त्या पिढीसमोर हरलेली युद्धे आणि मोडकळीला आलेला देश होता. त्यामुळे या लेखनात वेदना आहे आणि घाईने काढलेला निष्कर्षही आहे. निडहॅम यांचे मोठे योगदान हे, की त्यांनी कारणे शोधण्याआधी पुरावा गोळा केला. चीनमध्ये काय नव्हते, यापेक्षा काय काय होते, याची यादी त्यांनी जगापुढे ठेवली.

पंधराशे वर्षांची आघाडी

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या पंधराव्या शतकापर्यंत, निसर्गाचे ज्ञान माणसाच्या उपयोगाला आणण्यात चीन युरोपच्या पुढे होता, असा निडहॅम यांचा निष्कर्ष होता. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, चीनमध्ये इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तयार होत होते. युरोपला ते जमायला चौदावे-पंधरावे शतक उजाडले. इ.स. ३१ मध्ये नानयांगचा अधिकारी दू शी याने भट्टीचे भाते पाण्याच्या चाकावर चालवले. महाकालव्यावर बोटी उतरणीवरून ओढताना फुटत आणि त्या गडबडीत धान्याची चोरी होई. त्यावर तोडगा म्हणून ९८४ साली छ्याओ वेईयुए या अधिकाऱ्याने दोन दरवाजांमध्ये पाणी कोंडून बोट वर-खाली नेण्याची सोय केली. सिचुआनमध्ये ली बिंग याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मिन नदीचे पाणी विभागण्याची जी योजना केली, ती दूच्यांगयेनला आजही शेती भिजवते.

यांतले एकच काम जवळून पाहू. सिचुआन समुद्रापासून शेकडो मैल दूर. तिथे मीठ मिळे ते जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून. झिगोंगच्या कारागिरांनी त्यासाठी जी पद्धत बसवली, तिच्यात बांबूच्या पट्ट्यांचा वळलेला लांबच लांब दोर असे आणि त्याच्या टोकाला जड लोखंडी छिन्नी. वर तरफेच्या फळीवर माणसे तालात चढत-उतरत. फळी दबली की छिन्नी उचलली जाई आणि सुटली की तळाच्या खडकावर आदळे. विहिरीचे तोंड जेमतेम वीतभर रुंद, खोली मात्र इंचाइंचाने वाढत जाई. अनेक वर्षे हे काम चाले. खारे पाणी लागले की तळाशी कातड्याची झडप बसवलेली बांबूची लांब नळी आत सोडत. नळी पाण्यात टेकली की झडप उघडे आणि वर ओढताना पाण्याच्या भाराने मिटे. त्याच भागात जमिनीतून ज्वलनशील वायू येई. तो बांबूच्या नळांतून भट्ट्यांखाली आणून त्यावर कढयांतले पाणी आटवत. १८३५ साली पुरी झालेली तिथली शनहाय विहीर एक हजार मीटरच्या खाली गेली. तोवर जगात कुणी एवढे खोल छिद्र पाडले नव्हते आणि या कामात वाफेच्या इंजिनाचा काडीमात्र वाटा नव्हता.

अशा कारागिरांना अडाणी म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही. त्यांनी खडकांचे थर ओळखले होते, दोराचा पीळ बघून छिन्नी कुठे अडकली ते ते सांगू शकत होते, तुटलेले हत्यार शेकडो मीटर खालून काढण्याच्या युक्त्या त्यांच्याकडे होत्या. पण हे सारे ज्ञान हातातून हातात जाई. वायू का पेटतो, पाणी खारट का, यांची चर्चा जिथे होऊ शकली असती, त्या विद्वानांच्या बैठकीत या माणसांना जागा नव्हती.

केवळ कारागिरी नव्हे

चीनकडे तंत्र होते पण विज्ञान नव्हते, असे एक सोपे उत्तर दिले जाते. ते टिकत नाही. 'नऊ अध्याय' या प्राचीन गणितग्रंथात अनेक अज्ञातांची समीकरणे रकान्यांत मांडून सोडवण्याची पद्धत आहे आणि ऋण संख्यांचे नियम आहेत. ज्या पद्धतीला आज आपण गाउसचे नाव देतो, तिचेच हे रूप. त्यावरच्या २६३ च्या टीकेत ल्यू हुई याने नियम दिले आणि ते बरोबर का, हेही समजावले. पाचव्या शतकात झू छोंगची याने वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराची किंमत दशांशाच्या सात स्थानांपर्यंत काढली. १२८१ च्या पंचांगात क्वो शौचिंग याने वर्ष ३६५.२४२५ दिवसांचे धरले. युरोपच्या ग्रेगरीय पंचांगात हीच किंमत आली तीनशे वर्षांनी. १०५४ साली आकाशात अवचित उजळलेल्या 'पाहुण्या ताऱ्या'ची चिनी नोंद नसती, तर खेकडा तेजोमेघाचे वय आज इतक्या नेमकेपणाने सांगता आले नसते. १५८४ साली झू झाययू या मिंग राजपुत्राने सप्तकाचे बारा समान भाग पाडणारे गणित मांडले. युरोपच्या संगीतशास्त्रात तेच गणित त्यानंतरच्या काळात आले.

या विद्येला बाहेरचे वावडेही नव्हते. तांग काळात राजधानीच्या खगोल कार्यालयात भारतीय वंशाचे ज्योतिषी मानाच्या जागी होते. त्यांतल्या गौतम सिद्ध याने ७१८ साली 'नवग्रह' पंचांगाचे चिनी रूपांतर केले.

मग उणे काय होते? १९५३ साली एका पत्रात आइनस्टाइनने आपले मत थोडक्यात दिले. त्याचा आशय असा, की पाश्चात्त्य विज्ञान दोन गोष्टींवर उभे आहे: ग्रीकांची युक्लिडप्रणीत तर्कव्यवस्था आणि कारणे शोधण्यासाठी केलेला पद्धतशीर प्रयोग. चिनी विद्वान या वाटेने गेले नाहीत, याचे त्याला नवल वाटत नव्हते. त्याच्या मते मुळात हे शोध लागले, हेच नवल. या उत्तरात तथ्य आहे. गृहीतकांपासून सुरुवात करून एकेक पायरी सिद्ध करत जाणारी भूमिती चीनमध्ये रुजली नव्हती. पण युक्लिड बिझँटिअमकडे होता, अरबांकडे होता. तिथे न्यूटन का झाला नाही? म्हणून ग्रंथांच्या पलीकडे, ज्ञान बाळगणाऱ्या संस्थांकडे पाहावे लागते.

दरबारातले घड्याळ

सुंग राजवटीची राजधानी कायफंग. तिथे सू सुंग या मंत्र्याने १०८८ च्या सुमारास सम्राटासाठी घड्याळाचा मनोरा उभारायला घेतला. सुमारे बारा मीटर उंच. वर ग्रह-तारे मोजायचे काशाचे गोलयंत्र, मधे आकाशाबरोबर फिरणारा खगोल आणि खाली मजल्यामजल्यांवर लाकडी बाहुल्या, ज्या घंटा, झांजा वाजवून आणि पाट्या दाखवून वेळ सांगत. हे सारे एका मोठ्या चाकावर चाले. चाकाच्या कडेला ३६ पात्रे. पाण्याची पातळी कायम राखलेल्या हौदातून एकसारखी धार एका पात्रात पडे. पात्र भरून पुरेसे जड झाले की तरफ दबे, अडसर उचलला जाई, चाक बरोबर एका पात्राइतके पुढे सरके आणि पुन्हा अडे. मग पुढचे पात्र भरायला लागे. वाहत्या पाण्याचे सारख्या टप्प्यांत तुकडे पाडण्याची ही युक्ती यांत्रिक घड्याळाचा प्राणच आहे. सू सुंगने १०९४ च्या सुमारास आकृत्यांसह ग्रंथ लिहिला. तो वाचून निडहॅम, वांग लिंग आणि डेरेक प्राइस यांनी १९६० साली या यंत्राची रचना उलगडली.

११२७ साली जुर्चेनांनी कायफंग जिंकले आणि घड्याळ सुटे करून उत्तरेला नेले. दक्षिणेत सरकलेल्या सुंग दरबाराला ते पुन्हा उभारणे साधले नाही. पुढे १६०१ मध्ये मातेओ रिची हा इटालियन जेझुइट बीजिंगला आपोआप टोले देणारी घड्याळे घेऊन आला, तेव्हा दरबाराला ती अपूर्व वाटली. पाचशे वर्षांपूर्वी असे यंत्र याच देशात होते, याची जाण कुणाला उरली नव्हती.

असे का झाले, याचे कारण घड्याळाच्या जागेत आहे. चीनमध्ये कालगणना हा राजसत्तेचा विषय होता. आकाशाचा आदेश ज्याच्याकडे, तोच सम्राट. म्हणून पंचांग तोच प्रसिद्ध करणार, ग्रहणे त्याचेच खाते सांगणार. तांग काळच्या कायद्यात खगोलाची उपकरणे आणि ग्रंथ खाजगीत बाळगणे हा गुन्हा होता. या राजाश्रयाचा फायदा मोठा. दोन हजार वर्षांच्या अखंड नोंदी जगात दुसऱ्या कुणाकडे नाहीत. तोटा असा, की दरबार बुडाला की विद्याही बुडे. युरोपात चौदाव्या शतकापासून घड्याळे चर्चच्या आणि नगरसभेच्या मनोऱ्यांवर चढली. गावोगावी ती बनवणारे आणि दुरुस्त करणारे तयार झाले. एक शहर लुटले गेले तरी कसब दुसऱ्या शहरात जिवंत राहिले.

दोन ग्रंथ, दोन नशिबे

१६३७ साली चीनमध्ये सोंग यिंगशिंग याचा 'थ्यॅनगोंग काय्वू' हा ग्रंथ छापला गेला. भात, मीठ, साखर, कागद, मातीची भांडी, जहाजे, धातू, रंग, अशा सर्व उद्योगांचे १८ प्रकरणांत वर्णन आणि जोडीला शंभराहून अधिक चित्रे. लेखक जिल्ह्याच्या पातळीवरचा साधा शिक्षणाधिकारी. राजधानीतली सर्वोच्च परीक्षा त्याने अनेकदा दिली आणि दर वेळी तो नापास झाला. आपल्या प्रस्तावनेत त्याने स्पष्ट बजावले आहे, की या पुस्तकाचा नोकरीत वर चढण्यासाठी काही उपयोग नाही.

पुढच्याच वर्षी, १६३८ मध्ये, हॉलंडमधल्या लायडनला गॅलिलिओचा 'दोन नवी शास्त्रे' हा ग्रंथ छापला गेला. त्याची सुरुवात व्हेनिसच्या जहाजगोदीत होते. तिथल्या कारागिरांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, असे मान्य करून गॅलिलिओ तुळई कुठे मोडेल आणि फेकलेला गोळा कुठल्या रेषेत जाईल, याचे गणित मांडतो.

दोघेही कारागिरांपुढे आदराने उभे राहिले. सोंगने जे पाहिले ते विलक्षण निष्ठेने टिपले. गॅलिलिओने त्यातून मोजता येणारा, पडताळता येणारा आणि खोडता येणारा नियम काढला. हा फरक मोठा आहेच. पण ग्रंथांचे पुढे काय झाले, तो फरकही तितकाच मोलाचा. छिंग राजवटीत सोंगचा ग्रंथ चीनमधून जवळजवळ नाहीसा झाला. तो टिकला जपानमध्ये, आणि विसाव्या शतकात तिथून मायदेशी परतला. गॅलिलिओला १६३३ मध्ये चर्चने शिक्षा केली होती, इटलीत त्याला छापण्याची बंदी होती. तरी हस्तलिखित सीमेपार गेले, प्रॉटेस्टंट मुलखात छापले गेले आणि पन्नास वर्षांच्या आत न्यूटनच्या हाती त्यातून उभे राहिलेले गणित होते.

येथे सरकारी नोकरीसाठीच्या चिनी परीक्षापद्धतीचा विचार करणे भाग आहे. सातव्या शतकाच्या आरंभापासून १९०५ पर्यंत चाललेली ही पद्धत त्या काळच्या मानाने न्याय्य होती. गरिबाचा मुलगा त्यातून मंत्री होऊ शके. पण पिढ्यान्‌पिढ्यांची सर्वांत तल्लख मुले कन्फ्यूशिअसच्या ग्रंथांचे पाठांतर आणि साचेबंद निबंध यांतच गुंतली. मान, पैसा, अधिकार या तिन्हींची वाट एकाच दारातून जात होती. प्रयोगशाळेकडे किंवा कार्यशाळेकडे वळणाऱ्याला समाजाने देण्यासारखे काही ठेवले नव्हते. जस्टिन लिन या अर्थतज्ज्ञांनी यावरून एक युक्तिवाद केला आहे. लोकसंख्या प्रचंड असल्याने सहज अनुभवातून लागणारे शोध चीनमध्ये भरपूर लागले. मात्र सतराव्या शतकानंतर शोध हे जाणूनबुजून केलेल्या प्रयोगांतून लागू लागले. त्यासाठी गणित आणि प्रयोगाची तालीम घेतलेली माणसे हवीत. ती परीक्षांच्या मांडवात अडकलेली होती.

युरोपात काय वेगळे घडले

टोबी हफ यांनी लक्ष वेधले ते कायद्याकडे. बाराव्या शतकापासून बोलोन्या, पॅरिस इथली विद्यापीठे स्वतःची सनद, स्वतःचे नियम आणि स्वतःची मालमत्ता असलेली मंडळे म्हणून उभी राहिली. राजा आणि पोप दोघेही त्यांच्यावर दडपण आणत, पण ती एकाच्या हुकमाने बंद होत नसत. चीनमध्ये सुंग काळात खाजगी विद्यालये बहरली, पण सनदेने संरक्षित स्वायत्तता त्यांना मिळाली नाही.

दुसरे कारण राजकीय विखुरलेपणाचे. एरिक जोन्स आणि जोएल मोकिर यांनी त्यावर भर दिला. युरोपात एक सम्राट नव्हता. केप्लर ग्राझहून प्रागला गेला, देकार्त हॉलंडमध्ये राहिला. एका राजाने हाकलले तर दुसरा आश्रय देई. मोकिर यांनी या विखुरलेल्या प्रदेशातून पत्रे, पुस्तके आणि नियतकालिके यांनी बांधलेल्या विद्वानांच्या समाजाचे वर्णन केले आहे. लंडनची रॉयल सोसायटी (१६६०) आणि पॅरिसची अकादमी (१६६६) ही त्याची रूपे. चीनमध्येही छापील पुस्तकांचा महापूर होता. मात्र एकाच साम्राज्यात सरकारची मर्जी फिरली की विचाराला दुसरा देश उरत नसे.

या साऱ्यात युरोपची स्तुती करण्याचे कारण नाही. गॅलिलिओची नजरकैद आणि ब्रूनो या विचारवंताची चिता युरोपातलीच. फरक इतकाच, की तिथली दडपशाही अपुरी पडली.

अर्थकारणाची बाजू

दुसरा एक प्रश्न यातच मिसळला जातो: औद्योगिक क्रांती चीनमध्ये का झाली नाही? सुंग काळातले लोखंडाचे उत्पादन १०७८ मध्ये वर्षाला सव्वा लाख टनांच्या घरात होते, असा अंदाज रॉबर्ट हार्टवेल यांनी मांडला. हा आकडा वादग्रस्त आहे, पण उद्योगाचा आवाका अफाट होता यात शंका नाही. १३१३ च्या वांग झनच्या शेतीग्रंथात पाण्यावर चालणारे, एकाच वेळी ३२ चात्या फिरवणारे सूतकताईचे यंत्र आहे. ते पुढे मागे पडले.

मार्क एल्विन यांनी १९७३ साली याला कारण दिले ते समतोलाच्या सापळ्याचे. लोकसंख्या वाढत गेली, जमीन आणि माल महाग झाला, मजुरी स्वस्त राहिली. बांबू, दोर आणि माणसे यांनी काम इतके चोख होत होते, की माणूस वाचवणाऱ्या यंत्रावर पैसा घालणे परवडत नव्हते. झिगोंगची विहीर हे त्याचे उदाहरण. उलट ब्रिटनमध्ये मजुरी महाग आणि कोळसा स्वस्त, म्हणून तिथे यंत्र परवडले, असे रॉबर्ट ॲलन यांचे म्हणणे. केनेथ पोमेरांझ यांनी २००० साली आणखी पुढे जाऊन सांगितले, की अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत यांगत्से नदीचे खोरे आणि इंग्लंड यांचे राहणीमान तुल्यबळ होते. इंग्लंडला हाताशी कोळसा आणि अमेरिकेतल्या वसाहतींची जमीन मिळाली. चीनचा कोळसा मात्र वायव्येला, समृद्ध खोऱ्यापासून दूर होता. नंतरच्या संशोधनाने तुलनेची ही तारीख मागे ढकलली आहे, पण भूगोल आणि वसाहती विसरून या विषयावर बोलणे आता शक्य नाही.

कारखाने का उभे राहिले नाहीत, हे या युक्तिवादांतून चांगले समजते. गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त का मांडला गेला नाही, हे त्यांतून कळत नाही. वाफेच्या इंजिनाला आधी हवेच्या दाबाचे ज्ञान लागले, आणि ते मिळाले तोरिचेल्ली आणि ग्वेरिक यांच्या प्रयोगांतून. दोन्ही प्रश्न इथे एकमेकांना भेटतात.

प्रश्नच चुकला का?

नेथन सिविन यांचा आक्षेप मुळावर आहे. जे घडले नाही त्याची कारणे शोधणे म्हणजे युरोपची वाट हीच सर्वांची वाट मानणे, असे ते म्हणतात. शिवाय क्रांती झालीच नाही, हे तरी कितपत खरे?

याचा कस सतराव्या शतकात लागतो. मातेओ रिची १५७८ साली गोव्यात उतरला. गोवा आणि कोची इथे शिकून, शिकवून तो १५८२ मध्ये मकावला पोचला. पूर्वेकडे जाणारे जेझुइट विज्ञान अशा रीतीने गोव्याच्या बंदरातून गेले. १६०७ मध्ये रिची आणि शू ग्वांगची यांनी युक्लिडच्या पहिल्या सहा भागांचे चिनी भाषांतर छापले. १६६८ च्या अखेरीस फर्बीस्ट या जेझुइटाने भर दुपारी खांबाची सावली किती पडेल, हे आधी सांगून दाखवले आणि त्यावरून खगोल कार्यालयाचा कारभार त्याच्याकडे आला. त्याच वादात तीन वर्षांपूर्वी पाच चिनी ज्योतिष्यांचे शिरच्छेद झाले होते. आकाश हा किती धोक्याचा विषय होता, ते यावरून दिसते.

वांग शिशान, मेई वेनडिंग यांनी नवी भूमिती आणि त्रिकोणमिती झपाट्याने आत्मसात केली. म्हणजे चिनी मन नव्याला बंद होते, हा आरोप खोटा. पण दोन गोष्टी आड आल्या. चर्चने १६१६ मध्ये कोपर्निकसला बंदी घातल्यामुळे जेझुइटांनी चीनला पृथ्वी स्थिर असलेली टायको ब्राहेची रचना दिली. सूर्यकेंद्री सिद्धान्त स्पष्टपणे पोचला तो १७६० च्या दशकात. युक्लिडचे उरलेले भाग १८५७ मध्ये आले, पहिल्या भागांनंतर तब्बल अडीचशे वर्षांनी. दुसरी गोष्ट घरातली. पाश्चात्त्य विद्येचे मूळ प्राचीन चीनमध्येच आहे, हा सिद्धान्त मेई वेनडिंगने मांडला आणि खांगशी सम्राटाने उचलून धरला. त्यामुळे नवे शिकणे सुसह्य झाले, पण नवे ज्ञान पूर्वजांचे गमावलेले धन ठरले. ते तपासून पुढे नेण्याऐवजी जुन्या ग्रंथांत शोधण्यात बुद्धी खर्ची पडली. आपल्याकडेही हा मोह ओळखीचा आहे.

हिशेब आणि धडा

दोन समाजांमधले अंतर चीनला कळले ते तोफांच्या मुखातून. पहिल्या अफू युद्धात (१८३९–४२) लोखंडी बांधणीच्या, वाफेवर चालणाऱ्या 'नेमेसिस' या ब्रिटिश जहाजाने कँटनच्या नदीत चिनी जहाजांची दाणादाण उडवली. ज्या अफूपायी हे युद्ध झाले, तिच्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून जाई. आणि २९ ऑगस्ट १८४२ ला नानकिंगचा तह ज्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर झाला, ते १८१३ साली मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबातल्या कारागिरांनी सागवानात बांधलेले होते. कसबाने एक उत्तम जहाज घडवले. ते कुणासाठी आणि कशासाठी चालेल, हे ठरवण्याची ताकद मात्र कारागिरांच्या हाती नव्हती. चीन आणि हिंदुस्थान दोघांनाही एकोणिसाव्या शतकाने शिकवलेला धडा हाच होता.

या आढाव्यातून निडहॅमच्या प्रश्नाला एकच उत्तर निघत नाही, आणि निघू नये. परीक्षा, साम्राज्याची एकसंधता, मजुरीचा दर, कोळशाची जागा, तर्काची परंपरा, ही सारी कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. पण त्यांतले वंशाचे किंवा 'पौर्वात्य स्वभावा'चे कारण पुराव्याने कायमचे बाद झाले आहे. जो समाज झिगोंगची विहीर खणतो आणि सू सुंगचे घड्याळ चालवतो, त्याला बुद्धीचा दाखला कुणाकडून घ्यावा लागत नाही.

अशा बुद्धीला योग्य व्यवस्था मिळाली की काय होते, याचे उदाहरण विसाव्या शतकातलेच आहे. १९६७ मध्ये चीनने हिवतापावर औषध शोधण्याची गुप्त मोहीम सुरू केली. थू योयो यांच्या गटाने शेकडो वनौषधी तपासल्या. 'छिंगहाओ' ही वनस्पती कधी लागू पडे, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे होंगच्या उपचारग्रंथात ती पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितली होती, उकळायला नव्हे. उष्णतेने गुण नाहीसा होत असेल, असे ताडून थू यांनी कमी तापमानाला उकळणारे इथर वापरले. १९७१ मध्ये परिणामकारक अर्क मिळाला. पुढे त्याचे आर्टेमिसिनिन झाले, लाखो जीव वाचले, आणि २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक आले. गे होंगची नोंद सोळाशे वर्षे उपलब्ध होती. तिचे औषध झाले ते तिच्यावर शंका घेऊन, मोजमाप करून, तुलना करून ती पारखणारी माणसे आणि प्रयोगशाळा मिळाल्यावर.

म्हणून प्राचीन चीनचा किंवा प्राचीन भारताचा अभिमान बाळगण्यात गैर काही नाही. तो पुराव्यावर उभा असावा, एवढेच. पण केवळ पूर्वजांच्या ठेव्याने कुठलाही समाज विज्ञानात पुढे गेलेला नाही. कारागीर आणि विद्वान एका टेबलाशी बसतील, सरकारला नकोसे निष्कर्षही छापले जातील आणि शिष्याला गुरूची चूक दाखवता येईल, अशा संस्था ज्या समाजाने उभारल्या आणि जपल्या, तिथेच हा ठेवा वाढला. अशा संस्था कुठल्याही भूमीत उभारता येतात, आणि हेळसांड झाली तर कुठल्याही भूमीत मोडतात, मग ती भूमी पूर्वेची असो वा पश्चिमेची.